हाताने वळलेला सिगार : वर्षातून मोजक्या वेळा, पण मनापासून

संथझुरका (धाग्याची सुरुवात)

गेली अकरा वर्षे मी सिगार ओढत आहे आणि या अकरा वर्षांत ओढलेल्या सिगारांची संख्या अजून शंभरावर गेलेली नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण प्रत्येकाची नोंद मी एका वहीत ठेवलेली आहे : पान कुठले, जाडी किती, किती महिने ठेवून मग पेटवला, सुरुवातीला चव कशी होती आणि शेवटाकडे ती कशी पालटत गेली. ही वही चाळताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या वर्षी मी चौदा सिगार ओढले त्या वर्षीच्या नोंदी दोन-दोन ओळींच्या आहेत, आणि ज्या वर्षी केवळ पाच ओढले त्या वर्षीची प्रत्येक नोंद पानभर आहे. सिगार तेच होते, किंबहुना चौदांपैकी काही अधिक उंची होते; कमी पडले ते माझे लक्ष. तेव्हापासून मी वर्षाला आठांच्या पुढे जात नाही.

हाताने वळलेला सिगार आणि यंत्रावर बनलेला सिगार यांत फरक कोठे असतो, हे सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे अपुरे राहील. यंत्राच्या सिगारमध्ये बहुधा पानांचा चुरा भरलेला असतो आणि पुष्कळदा त्याला बांधून ठेवणारे पान हे खरे पान नसून तंबाखूच्या लगद्यापासून केलेला कागदासारखा पट्टा असतो. चांगल्या हातवळणीच्या सिगारमध्ये गाभ्याची पाने टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. त्यांच्याभोवती बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर आवरणाचे पान गुंडाळलेले असते. अखंड पान सावकाश जळते, धूर थंड राहतो आणि सिगार जसजसा आखूड होतो तसतशी चव बदलत जाते. ही बदलणारी चव हेच माझ्या दृष्टीने सिगारचे खरे आकर्षण आहे.

शेतातून पान काढल्यावर ते लाकडी कोठारांत टांगून सुमारे दीड ते दोन महिने सुकवले जाते. त्यानंतर पानांचे मोठे ढीग रचून त्यांना आंबवले जाते. ढिगाच्या आत उष्णता आपोआप वाढते, पानांतून अमोनिया बाहेर पडतो आणि कच्च्या तंबाखूचा घशाला खवखव आणणारा तिखटपणा निघून जातो. उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ढीग मोडून, आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचावा लागतो. त्यापुढे पाने गाठोड्यांत मुरत पडतात. बी पेरल्यापासून सिगार पेटीत जाईपर्यंत दोन-तीन वर्षे तरी सहज जातात. इतक्या काळाच्या मेहनतीला आपण द्यायचा असतो तो जेमतेम एक तास, आणि तो तास मी कधी घाईत, फोनवर बोलत किंवा वाहन चालवताना घालवलेला नाही.

माझ्यासारखे कधीतरीच ओढणारे येथे आणखी असतील. आपण सिगार कसा निवडता, तो महिनोन्महिने कसा सांभाळता आणि "कधीतरी" या शब्दाचा आपल्या लेखी नेमका अर्थ काय, हे वाचायला मला आवडेल. माझ्यापुरते सांगायचे तर मी सौम्य सिगार हवा असताना बारीक आणि तीव्र हवा असताना जाड सिगार निवडतो.

पानशिरा

विषय आवडीचा असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, परंतु आधी आपल्या शेवटच्या वाक्याशी असलेला मतभेद नोंदवतो. जाडीचा आणि तीव्रतेचा थेट संबंध नाही. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. म्हणजे ५० जाडीचा सिगार सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा असतो. ३८ जाडीचा लांबलचक लान्सेरो ५० जाडीच्या आखूड रोबुस्तोपेक्षा पुष्कळ अधिक तीव्र लागू शकतो. तीव्रता ठरते ती गाभ्यात कोणती पाने किती आहेत यावरून.

तंबाखूच्या झाडावर पान किती उंचीवर आले यावर त्याचा स्वभाव अवलंबून असतो. शेंड्याजवळच्या पानांना सर्वाधिक ऊन मिळते. ती जाड, तेलकट आणि निकोटीनने समृद्ध होतात, पण सावकाश जळतात. त्यांना लिहेरो म्हणतात. मधल्या भागातले सेको सुगंधासाठी असते आणि तळाकडचे बोलादो चवीला फिके असले तरी उत्तम पेट घेते. वळणारा कारागीर लिहेरो नेमके मध्यभागी ठेवतो, कारण ते कडेला आले तर एक बाजू जळायची राहते आणि सिगार तिरका जळू लागतो. जाड सिगारमध्ये अधिक प्रकारची पाने बसवता येतात, म्हणून मिश्रण करणाऱ्याला तो सोयीचा वाटतो. बारीक सिगारमध्ये मात्र गाभ्याच्या मानाने आवरणाचे पान अधिक असते आणि त्याची चव पुढे येते. आवरण उत्तम असेल तर मी नेहमी बारीक सिगारच निवडतो.

असाच दुसरा गैरसमज रंगाविषयी आहे. काळपट आवरणाला लोक कडक समजतात. मादुरो म्हणून ओळखले जाणारे गडद पान अधिक काळ व अधिक उष्णतेत आंबवलेले असते आणि त्यामुळे पुष्कळदा ते गोडसर, कोको किंवा भाजलेल्या कॉफीची आठवण करून देणारे लागते. मेक्सिकोतील सान आंद्रेस खोऱ्यातले पान यासाठी प्रसिद्ध आहे. याउलट फिकट सोनेरी आवरणाखाली अतिशय जोरकस गाभा असू शकतो. कनेक्टिकट शेड हे फिकट पान कापडी छताखाली, उन्हाची धार कमी करून वाढवतात, म्हणून ते पातळ, रेशमी आणि शिरा न दिसणारे होते.

वळणाऱ्याच्या हातातले कौशल्य मला नेहमी थक्क करते. त्याच्याकडे अर्धचंद्राकृती पाते, एक लाकडी फळी आणि चवरहित वनस्पतिजन्य डिंक, एवढेच असते. गाभ्याची पाने मुठीत घेताना तो प्रत्येक पान स्वतंत्रपणे दुमडून त्याची नळी करतो किंवा पंख्यासारख्या घड्या घालतो, जेणेकरून धुराला वाट राहील. पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक ठेवून गुंडाळण्याची पद्धत जलद असते, पण तीत ओढ, म्हणजे झुरक्याबरोबर येणारी हवा, अडकण्याची शक्यता अधिक असते. तळहाताला जाणवणारा दाब एवढाच त्याचा तराजू असतो. जास्त दाबले तर धूर येत नाही, कमी दाबले तर सिगार भराभरा जळून तापतो.

येथे एक आठवण द्यावीशी वाटते. क्यूबाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक बसू लागला. सकाळी वृत्तपत्रे आणि नंतर कादंबऱ्या, असा त्याचा क्रम असे. त्याचे वेतन कामगार स्वतःच्या मजुरीतून देत असत. १९३५ मध्ये सुरू झालेल्या मॉन्टेक्रिस्टो या नाममुद्रेचे नाव अशाच एका आवडत्या फ्रेंच कादंबरीवरून पडले, असे सांगितले जाते. हात कामात गुंतलेले असताना कान मोकळे ठेवणारा आणि त्यासाठी पदरमोड करणारा हा कामगारवर्ग मला अत्यंत आदरणीय वाटतो.

निदान

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि आजवर कोणाला सिगारची शिफारस केलेली नाही, पुढेही करणार नाही. तरीही प्रौढ माणसे हा निर्णय डोळसपणे घेत असतील तर त्यांच्याकडे पुरती माहिती असावी, एवढ्यासाठीच हा प्रतिसाद आहे.

"मी धूर छातीत घेत नाही, म्हणून मला धोका नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटीन मुख्यतः फुप्फुसांतून शोषले जाते. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. तोंडात धूर घोळवणे म्हणजे काहीच न घेणे नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध स्पष्टपणे मांडलेला आहे. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते, तर मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी असू शकते. नैसर्गिक पान, हाताची वळणी किंवा रसायनांचा अभाव यांमुळे हा हिशेब बदलत नाही.

इतिहासातली दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट हे अखंड सिगार ओढत आणि १८८५ मध्ये घशाच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ मध्ये तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले, त्यानंतर त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि तरीही त्यांना सिगार सुटला नाही. हे दोघेही कधीतरी ओढणारे नव्हते, हे मला मान्य आहे. मोजक्या वेळा ओढणाऱ्याचा धोका रोज ओढणाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. परंतु ज्याच्या आत धोका शून्य होतो अशी कोणतीही मर्यादा अद्याप कोणी दाखवून दिलेली नाही.

दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. ज्यांनी सिगारेट सोडली आहे त्यांनी सिगारच्या वाटेला जाऊ नये, कारण जुन्या सवयीने ते धूर छातीत ओढतात आणि सुटलेले व्यसन परत येते. आणि बंद खोलीत, लहान मुलांजवळ किंवा गर्भवती स्त्रीजवळ सिगार कधीही पेटवू नये. सिगार तासभर धुमसत राहतो आणि त्याचा बराचसा धूर ओढणाऱ्याच्या तोंडात न जाता हवेतच जातो.

संथझुरका

पानशिरा, आपली दुरुस्ती मान्य आहे. वही उघडून पाहिली तेव्हा मी "जाड आणि तीव्र" म्हणून नोंदवलेले बहुतेक सिगार एकाच प्रदेशातले, निकाराग्वाचे निघाले. म्हणजे तीव्रता त्या पानाची होती आणि श्रेय मी जाडीला देत होतो.

निदान, आपला प्रतिसाद या धाग्यात हवाच होता. मी स्वतःला हे निरुपद्रवी आहे असे कधी सांगत नाही. माझ्या आठच्या मर्यादेमागे चवीचे कारण आहे तसेच हेही आहे. माझा एक साधा नियम आहे : सिगारची आठवण दिवसभर आपोआप येऊ लागली, तर पुढचे दोन महिने पेटीला हात लावायचा नाही. मनाचा ताण घालवण्यासाठी सिगार पेटवणे मी पूर्णपणे टाळतो. ताणावर उतारा म्हणून एकदा त्याच्याकडे पाहिले की ताण काही वर्षातून आठ वेळा येत नाही.

पहिलीवाट

मी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, गेल्या महिन्यात पहिल्यांदाच सिगार ओढला आणि अनुभव वाईट आला. अर्ध्यावर आल्यावर घाम फुटला, मळमळू लागले आणि गरगरल्यासारखे झाले. मी धूर गिळला नव्हता. सिगार भेट म्हणून मिळालेला होता, चांगला जाडजूड होता आणि मी तो सकाळी उपाशीपोटी पेटवला होता. वरचे वाचून असे वाटते की दोष माझ्या पद्धतीत असावा. पुन्हा प्रयत्न करावा की नाही, आणि करायचा तर कसा?

संथझुरका

पुन्हा प्रयत्न केलाच पाहिजे असे मुळीच नाही. न करणे हाच आरोग्याच्या दृष्टीने उत्तम निर्णय आहे, हे आधी सांगतो. तरीही आपण विचारले आहे म्हणून लिहितो.

आपल्याला झाला तो निकोटीनचा त्रास होता. उपाशी पोट, जोरकस मिश्रण आणि भराभर झुरके या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम असणार. असे होऊ लागले की सिगार ताबडतोब बाजूला ठेवावा, मोकळ्या हवेत बसावे, पाणी प्यावे आणि थोडी साखर तोंडात टाकावी. बहुतेकांना त्याने आराम पडतो.

पद्धतीविषयी म्हणाल तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गती. मिनिटाला एक झुरका, त्याहून अधिक नाही. वेगाने ओढले की निखारा तापतो, पानातली तेले जळून कडवट होतात आणि मग उत्तम सिगारही जळक्या दोरासारखा लागतो. पहिल्या दोन वर्षांच्या माझ्या नोंदींत "कडू" हा शब्द इतक्या वेळा आला आहे की आता वाचताना वाईट वाटते. ते सिगार कडू नव्हते, मी त्यांना श्वास घेऊ दिला नव्हता. दोन झुरक्यांच्या मधल्या मिनिटात काहीच न करता बसणे हे मला सर्वांत कठीण गेले, आणि आज मला तेच सर्वांत प्रिय आहे.

टोपीकडचे, म्हणजे तोंडात धरायच्या बाजूचे, टोक कापताना हात आखडता घ्यावा. टोपीचे पान जेथे चिकटवलेले असते त्या रेषेच्या खाली पाते गेले तर आवरण उलगडू लागते. दोन मिलिमीटर पुरेसे आहेत, कमी वाटले तर पुन्हा कापता येते. पेटवण्याआधी न पेटवताच एकदा ओढून पाहावे. हवा येत नसेल तर टोक आणखी किंचित कापावे, किंवा बोटांनी हलके चाचपून गाठ कोठे आहे ते पाहावे. पेटवताना ज्योत पायथ्याला, म्हणजे दुसऱ्या टोकाला, टेकवू नये. ती खाली धरून, सिगार फिरवत, कडा सगळीकडून सारख्या तांबूस होईपर्यंत शेकावे आणि मगच पहिला झुरका घ्यावा. गंधहीन ब्युटेनचा लायटर किंवा लांब लाकडी काडी उत्तम; काडी वापरायची असेल तर तिच्या टोकावरचे गंधक जळून जाईपर्यंत थांबावे. पेट्रोलच्या लायटरचा वास शेवटपर्यंत जात नाही.

राख झटकण्याची घाई करू नये. इंचभर राख निखाऱ्यावर राहिली तर तो थंड राहतो. अखंड पानांचा सिगार एवढी राख सहज पेलतो. आणि हो, पहिल्यासाठी लहान, सौम्य मिश्रणाचा सिगार घ्यावा, तोही भरपेट जेवण झाल्यानंतर.

काष्ठप्रेमी

मूळ लेखात विचारलेल्या साठवणुकीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, आणि कधीतरीच ओढणाऱ्यासाठी तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे. रोज ओढणाऱ्याचा सिगार पेटीत आठवडाभर टिकला तरी चालते. आपला सिगार सहा महिने, वर्ष, कधी तीन वर्षे वाट पाहणार असतो. तेवढ्या काळात तो एकतर मुरतो, किंवा मरतो.

सिगारला ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. मी स्वतः ६५ च्या आसपास ठेवतो, कारण त्याने सिगार समान जळतो आणि ओढ मोकळी राहते. ७० वर ठेवणारे चुकतात असे मी म्हणणार नाही, पण त्यांचे सिगार मध्येच विझण्याची तक्रार मी वारंवार ऐकली आहे. सिगार कोरडा पडला की त्यातील सुगंधी तेले उडून जातात. नंतर ओलावा परत देता येतो, तेले परत देता येत नाहीत.

पेटीला आतून जे लाकूड लावतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, परंतु ते देवदाराच्या जातीचे मुळीच नाही. त्याचे शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा असून ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. ते ओलावा धरून ठेवते, सावकाश सोडते आणि त्याचा मंद वास तंबाखूला पूरक ठरतो. नवी पेटी आणली की त्यात लगेच सिगार ठेवू नयेत. कोरडे लाकूड सिगारमधलाच ओलावा शोषून घेते. आधी दोन आठवडे ८४ टक्क्यांची आर्द्रता-पुडी किंवा ऊर्ध्वपातित पाण्याची वाटी पेटीत ठेवून लाकडाला तृप्त करावे. नळाचे पाणी वापरू नये, त्यातील क्षार साचतात आणि बुरशीला निमंत्रण मिळते.

आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या मापकात ९ टक्क्यांची चूक होती आणि त्या चुकीपायी एका अख्ख्या पेटीतले सिगार मी वाळवून घालवले, याची हळहळ अजून वाटते. तपासण्याची रीत सोपी आहे : बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवावे, विरघळू देऊ नये, आणि मापकासह हवाबंद डब्यात एक दिवस ठेवावे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक जितका कमी-अधिक दाखवेल तितकी त्याची चूक.

खरे सांगायचे तर पाच-दहा सिगारांसाठी महागड्या पेटीची गरजच नाही. घट्ट झाकणाचा हवाबंद डबा, त्यात स्पॅनिश सीडरची एक पट्टी आणि ओलावा घेणारी व देणारी ६५ किंवा ६९ टक्क्यांची पुडी एवढ्यावर ते वर्षानुवर्षे उत्तम राहतात. पारदर्शक वेष्टन काढले नाही तरी चालते, कारण सेलोफेनमधून ओलावा आरपार जातो.

उष्ण हवेत राहणाऱ्यांनी तंबाखूच्या भुंगेऱ्याला विसरू नये. त्याची अंडी पानात आधीच असू शकतात आणि तापमान साधारण २५ अंशांवर गेले की ती उबतात. आवरणावर टाचणीने पाडल्यासारखी छिद्रे दिसली तर समजावे की अळीने आपले काम केलेले आहे. अशा वेळी उरलेले सिगार हवाबंद पिशवीत घालून शीतकपाटाच्या गोठणकप्प्यात तीन दिवस, मग खालच्या कप्प्यात एक दिवस आणि शेवटी खोलीच्या तापमानाला आणावेत. एकदम बाहेर काढले तर आवरण तडकते. शीतकपाटात सिगार कायमचे ठेवणे मात्र चूक आहे, तेथील हवा अतिशय कोरडी असते.

संथझुरका

मिठाची परीक्षा मी आजवर केलेली नव्हती. काल केली. माझा मापक ४ टक्के अधिक दाखवतो, म्हणजे मी ज्याला ६८ समजत होतो ते ६४ होते. गेल्या दोन वर्षांत माझे सिगार मला अधिक मोकळे आणि समान जळणारे का वाटत होते, याचा उलगडा बहुधा झाला.

पानशिरा

वर निकाराग्वाचा उल्लेख आला आहे, म्हणून प्रदेशांविषयी थोडे. क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागाची लाल माती तंबाखूसाठी जगात अतुलनीय मानली जाते. परंतु आजच्या सिगारविश्वाचा नकाशा मातीइतकाच राजकारणानेही आखला आहे. १९६० मध्ये क्यूबातील सिगार उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने व्यापारबंदी लादली आणि पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकवणारी कुटुंबे देश सोडून गेली. त्यांनी हातातले कौशल्य सोबत नेले आणि क्यूबाचे बियाणे डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास व निकाराग्वा येथे रुजवले. निकाराग्वातील एस्तेली आणि हलापा या खोऱ्यांतल्या ज्वालामुखीच्या मातीत त्या बियाण्याने वेगळाच, मिरीसारखा झणका धरला. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सिबाओ खोऱ्यातले पान सौम्य आणि मऊ मानले जाते.

या स्थलांतरामुळे एकच नाव दोन ठिकाणी दिसते. कोहिबा, मॉन्टेक्रिस्टो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता या नावांचे क्यूबन आणि बिगरक्यूबन असे दोन्ही सिगार आहेत आणि त्यांचा एकमेकांशी नावापलीकडे संबंध नाही. घेताना देश पाहावा. बिगरक्यूबन म्हणजे कमी दर्जाचे, ही समजूतही सोडून द्यावी. माझ्या आजवरच्या सर्वोत्तम पाच सिगारांत तीन निकाराग्वाचे आहेत.

बनावट क्यूबन सिगारांचा सुळसुळाट मोठा आहे, विशेषतः कोहिबाचा. काचेच्या झाकणाची पेटी दिसली तर पुढे बघूच नये, अस्सल कोहिबा तशा पेटीत येत नाही. अस्सल पेटीच्या तळाशी "तोतालमेंते आ मानो", म्हणजे संपूर्णपणे हाताने, असा छाप असतो. तो १९८९ पासून वापरात आहे. नुसते "हाताने बनवलेले" असे शब्द कमी काटेकोर आहेत, कारण यंत्रावर बांधून हाताने शेवट केलेल्या सिगारलाही ते लावले जाऊ शकतात. एका पेटीतले सिगार रंगाने एकसारखे, गडदाकडून फिकटाकडे क्रमाने लावलेले असावेत आणि नाममुद्रेच्या पट्ट्या एका रेषेत असाव्यात. वळण्याइतकीच ही रंगनिवडही डोळ्यांचे कसब आहे.

पहिलीवाट

सर्वांचे आभार. सर्व प्रतिसाद, निदान यांचा तर दोनदा, वाचूनच मी निर्णय घेतला. कनेक्टिकट आवरणाचा, ४२ जाडीचा एक आखूड सिगार घेतला, तीन आठवडे डब्यात ६५ च्या पुडीसोबत ठेवला आणि काल जेवणानंतर अंगणात एकटाच बसून पेटवला. घड्याळ समोर ठेवून मिनिटाला एकच झुरका घेतला. सुरुवातीला केवळ वाळलेल्या गवतासारखा वास वाटला, मग साधारण दहा मिनिटांनी भाजलेल्या बदामासारखी आणि त्यानंतर दुधाच्या सायीसारखी काहीतरी चव आली, जी आली म्हणेपर्यंत गेली. मळमळ झाली नाही. चाळीस मिनिटे झाली तेव्हा दोन बोटे शिल्लक होती, पण धूर ओठांना गरम लागू लागला आणि चव तिखट झाली, म्हणून ठेवून दिला. एवढा उरलेला टाकून देणे हा अपव्यय तर झाला नाही ना, अशी शंका मनात आहे. विझवताना चुरडल्यावर फार उग्र वास सुटला, तोही नेहमीचाच का?

संथझुरका

अपव्यय मुळीच झाला नाही. डांबर आणि निकोटीन शेवटच्या भागात साचत जातात, त्यामुळे चव बिघडल्याक्षणी थांबणे हेच योग्य. काही जण अर्ध्यावर थांबतात, काही शेवटच्या पट्टीपर्यंत जातात, आणि दोघांनाही जीभच सांगत असते. चुरडू मात्र नये. सिगार राखदाणीच्या खाचेत आडवा ठेवून द्यावा, दोन-चार मिनिटांत तो आपोआप विझतो आणि तो उग्र वास सुटत नाही. पूर्ण थंड झाल्यावर तुकडा लगेच घराबाहेर टाकावा. मध्येच विझलेला सिगार तासाभरात पुन्हा पेटवता येतो, पण त्याआधी राख झाडून आतला शिळा धूर फुंकून बाहेर काढावा. दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेला अर्धा सिगार मी दोनदा ओढून पाहिला आहे आणि दोन्ही वेळा वहीत "पुन्हा नाही" असे लिहिले आहे.

सायीची ती चव आली म्हणेपर्यंत गेली, असे आपण लिहिले आहे. आजच ते कुठेतरी टिपून ठेवा, तारखेसह.